जोडवाटेतलं भूत

त्या दिवशी विद्यापीठाच्या सुरक्षा कार्यालयातून जी सूचना गेली, ती एका आरशाबद्दल होती. कुलसचिवांच्या गाडीचा डावीकडचा आरसा कुणीतरी भर दुपारी उपटून नेला होता. टेबलावरचा चहा निवायच्या आत आवारातल्या प्रत्येक फोनवर मजकूर झळकला: ‘सावधान. प्रशासकीय इमारतीसमोरील वाहनतळावर दुपारी चोरी झाली आहे. आपली वाहने नजरेसमोर ठेवावीत. कोणी संशयास्पद आढळल्यास तत्काळ कळवावे.’ काय गेलं, कुठून गेलं, कधी गेलं, सगळं कसं चोख.

हा मजकूर लिहिणाऱ्या बाईंना सारं आवार सावधानबाई म्हणे. तोंडावर मॅडम, पाठीमागे सावधानबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आवारात साप निघाला, सायकली जाऊ लागल्या, प्रयोगशाळेत वायू गळाला, की बाईंची बोटं चालू लागायची. उगाच घाबरवायचं नाही, पण वाचणारा जागचा हलला पाहिजे, ही त्यांची हातोटी. त्यांचे साहेब, म्हणजे सुरक्षा कार्यालयाचे प्रमुख, सैन्यातून निवृत्त झालेले. मिशा तेवढ्या अजून सेवेत होत्या. ते म्हणायचे, “मॅडम, तुमची सूचना वाचली की मीसुद्धा स्वतःचा खिसा चाचपतो.”

एका प्रकारच्या सूचनेची मात्र त्या कार्यालयात निराळी रीत होती. कुणा मुलीच्या अंगावर कुणी हात टाकला, तर सूचना काढण्याआधी घरच्यांना विचारायचं. वडिलांना, ते नसले तर भावाला, लग्न झालेलं असलं तर नवऱ्याला. मुलगी सज्ञान असो, एक पदवी घेऊन दुसरी करत असो, विचारायचं घरच्यांना. असं कुठल्या नियमात नव्हतं. पण विचारायचं, आणि घरचे नाही म्हणायचे. त्यामुळे त्या आवारातून आरसे जायचे, सायकली जायच्या. मुलींना मात्र कधीच काही होत नसे.

रीत चांगल्या मनाने पडली होती, हे आधीच सांगून टाकते. वाईट मनाने पडलेल्या रीती ओळखू तरी येतात.

आदल्या वर्षी एक मुलगी कार्यालयात आली होती. गणित शिकणारी. चष्म्याची एक काच तडकलेली. रसायनशास्त्राची जुनी इमारत आणि वाचनालय यांच्यामध्ये एक झाकलेली वाट आहे. दोन्ही अंगांना भिंती, वर पत्रा, मधे एक वळण. सगळे तिला जोडवाट म्हणतात. दुपारचे तास सुरू झाले की तिथे चिटपाखरू नसतं. त्या वळणावर मागून एक हात आला होता आणि तिच्या तोंडावर बसला होता. ती सुटली, पण कशी सुटली हे तिलाही नीट सांगता येईना. चेहरा दिसला नव्हता. गळ्यातली ओळखपत्राची पट्टी दिसली होती, निळी. विद्यार्थ्यांची पट्टी हिरवी असते. निळी असते कर्मचाऱ्यांची.

तिचे वडील शिंपी. हातातलं काम टाकून आले होते, शर्टाच्या खिशावर टाचण्या तशाच टोचलेल्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

“नाव नाही घालत आम्ही,” बाई त्यांना म्हणाल्या.

“नाव नसलं म्हणून लोक काय दुधखुळे आहेत का, ताई? जागा घालाल, वेळ घालाल. त्या वेळी तिथून कोण गेलं होतं, हे शोधायला काय लागतं? मला हिच्या पाठच्या मुली आहेत. त्यांचा विचार कोण करणार?”

साहेबांनी जड मनाने मान हलवली. “तुमची इच्छा नसेल तर नाही काढत. शेवटी घरचे तुम्ही.”

बाईंनी लिहिलेला मजकूर पुसून टाकला. मुलगी इतका वेळ बाहेर बाकावर बसली होती. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, “मॅडम, पण माझ्यानंतर कुणी गेलं तिथून तर?”

“तू आता विश्रांती घे हं, बाळा,” बाई म्हणाल्या.

“चल गं,” वडील म्हणाले.

ती पुन्हा आवारात दिसली नाही. तिचं शिक्षण सुटलं असं कळलं. पण त्या दिवसापासून बाई जेव्हा जेव्हा ‘सावधान’ हा शब्द लिहीत, तेव्हा पडद्यावर त्या शब्दाच्या मागे कुणीतरी उभं आहे असं त्यांना वाटे. पाण्यातून दिसावं तसं, तडकलेल्या काचेतून बघणारं. त्या डोळे चोळत आणि पुढचा शब्द लिहीत.

आणि मग आवारात भूत आलं.

ते आणलं चष्मेवालीच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीने. कुणाला सांगणार नाही असं वचन तिने दिलं होतं. वचन मोडवत नव्हतं, गप्पही बसवत नव्हतं. मग तिने वसतिगृहात एकीला हळूच सांगितलं, जोडवाटेत भूत आहे. दुपारी वाट सुनसान झाली की वळणावर मागून गार हात येतो. त्याला चेहरा नसतो. तो फक्त मुलींनाच धरतो. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने चार जणींना. नवीन वर्षाच्या मुली आल्या तेव्हा मोठ्या मुलींनी त्यांना वाचनालय दाखवलं, खानावळ दाखवली आणि भूत सांगितलं. मुली किंचाळायच्या, हसायच्या, एकमेकींना चिमटे काढायच्या आणि मोठ्या रस्त्याने वळसा घालून जायच्या. जे काम सूचनेने करायचं, ते भूत करत होतं. तेही बिनपगारी.

साहेबांच्या कानावर आलं तेव्हा ते पोट धरून हसले. “विज्ञान शिकतात आणि भुताला भितात!” बाई हसल्या नाहीत. त्या भुताचा जन्म त्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता.

बाईंची मुलगी त्याच वर्षी त्याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्राला लागली. घरात तिला ठकी म्हणत. ठकीमुळे घरात एक वर्तमानपत्र सरळ हाती लागेना. प्रत्येकाच्या घडीत कसलं ना कसलं झाड वाळत घातलेलं. गाद्यांखाली पानं, शब्दकोशात फुलं. तिचे बाबा शाळेत भूगोल शिकवायचे, स्वभावाने मऊ माणूस. ते ओरडायचे, “अगं, मी वाचायच्या आधी बातम्यांना पालवी फुटते या घरात!”

एका रविवारी सकाळी मायलेकी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. शेजारच्याच घरात राहणारी आत्या, म्हणजे बाईंची नणंद, नेहमीप्रमाणे चहाला येऊन बसली होती. ठकी म्हणाली, “आई, आमच्याकडे भूत आहे, माहितेय? तुझ्या सूचनेत कधी आलं नाही ते.”

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“अगोबाई, कसलं?” आत्याने बशी खाली ठेवली.

“गार हाताचं. जोडवाटेत. मोठ्या मुली इतक्या गंभीरपणे सांगतात ना, मला तर हसू आवरेना. मी म्हटलं, भुताला बाकी इमारती सोडून रसायनशास्त्रच सापडलं का? वासाने मेलं असतं बिचारं.”

आत्या खो खो हसली. बाई म्हणाल्या, “तू तिथून जात नाहीस ना?”

“आई! तू पण? लहानपणी अंधाऱ्या खोलीत हात धरून नेलंस मला, म्हणालीस, बघ, आहे का कुणी? भूतबित काही नसतं. आणि आता तूच?”

“तसं नाही गं...”

“मग कसं?”

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाईंच्या जिभेवर ते आलंही होतं. पण समोर आत्या बसली होती, आणि आत्याला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तिच्या शिवणवर्गातल्या सगळ्या बायकांची होत असे. शिवाय शिंप्याला शब्द दिलेला. कार्यालयातलं घरात आणायचं नाही, ही बाईंची शिस्तही होतीच. त्या म्हणाल्या, “तिथे ओल असते फार. पाय घसरेल.”

“रबरी चपला घालते,” ठकी म्हणाली आणि उठून गेली.

इतकंच झालं. ‘सावधान’ लिहून सगळ्या आवाराला हलवणाऱ्या बाईने स्वतःच्या मुलीला ओलीचं कारण सांगितलं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. ओळखायला फार हुशारी लागत नाही, आणि दुःख त्याचंच आहे. दुपारची वेळ होती. ठकी रोपं दाबायच्या लाकडी पट्ट्या काखेत घेऊन वाचनालयाकडे निघाली होती. वळणावर मागून हात आला. तो गार नव्हता. घामेजलेला होता, त्याला साबणाचा वास येत होता. ती त्याला कडकडून चावली. त्याने तिला भिंतीवर आपटलं, तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. पण लाकडी पट्ट्या फरशीवर पडून इतका मोठा आवाज झाला, की तो पळाला. पळताना त्याची पाठ दिसली, इस्त्रीचा शर्ट दिसला, आणि मानेवर निळी पट्टी.

घरी आणल्यावर ती दोन दिवस बोलली नाही. हात गळ्यात बांधलेला, पाठीला उश्या लावलेल्या. बाबा लहान मुलाला भरवावं तसं चमच्याने भरवत होते. खोलीतल्या आरशावर तिने ओढणी टाकली होती. पाठ दाराकडे झाली की दचकायची, म्हणून पलंग फिरवून भिंतीला लावला. कुणीही तिच्याजवळ जाताना आधी लांबून बोलत जायचं, “मी येतेय हं, ठके,” असं. घर एकाएकी आपल्याच पावलांना भ्यायला लागलं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आई, त्या मुली भुताला खरंच भीत होत्या गं. मी हसले त्यांना.”

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. बराच वेळ चादरीची सुरकुती सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, “भूत नव्हतं ते. माणूसच होता. तुझ्या आधी एकीला धरलं होतं त्याने. आमच्या कार्यालयात आली होती ती.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू मला म्हणालीस, ओल आहे.”

ठकी रडली असती, ओरडली असती, तर बाईंना बरं वाटलं असतं. ती नुसती बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. आपली आई नीट ओळखीची नाही, असं पहिल्यांदा कळलेल्या मुलीची नजर होती ती.

त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बाई म्हणाल्या, “उद्या मी सूचना काढणार आहे.”

आत्या ताडकन उठली. “वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? पोरीला चव्हाट्यावर बसवणार? उद्या तिचं लग्न व्हायचंय.”

“नाव नसतं त्यात, ताई.”

“नाव नसेल,” बाबा म्हणाले. “पण हात गळ्यात बांधून फिरणारी मुलगी त्या आवारात एकच असेल. तू काय लिहिणार, कुणीतरी कुणालातरी भिंतीवर आपटलं? आंधळ्यालाही कळेल.”

“कळू दे.”

“तू तर नेहमी घरच्यांना विचारतेस ना? तूच सांगतेस, आमच्याकडे रीत आहे म्हणून. मग मी घरचा आहे. मला विचार. माझं उत्तर नाही असं आहे.” एवढं बोलून तो मऊ माणूस ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. “मला तिला आणखी काही होऊ द्यायचं नाहीये गं. बस, एवढंच.”

बाईंना त्यांच्यात तो शिंपी दिसला. खिशाला टाचण्या नव्हत्या, एवढाच फरक. किती बापांना आपण असंच समोर बसवलं आणि त्यांच्या मायेलाच कुलूप म्हणून वापरलं, हे त्यांना त्या क्षणी उमगलं. नाही म्हणणारा प्रत्येक जण आपल्या मुलीला वाचवत होता. आणि प्रत्येक नकारामागून कुणा दुसऱ्याची मुलगी त्या वळणाकडे चालत जात होती.

“तुम्ही सगळे माझ्याबद्दल बोलताय ना?”

ठकी दारात उभी होती. भिंतीला धरून स्वतः उठून आली होती.

“अगं, तू पड जा,” आत्या म्हणाली.

“पडून पडून कंटाळा आला, आत्या. हाड मोडलंय माझं. चावले मी. मग हो किंवा नाही म्हणायचं तुम्ही का?”

“बेटा, लोक विचारतील तुला...”

“विचारू देत की, बाबा. मग काय सांगू त्यांना, जिन्यावरून पडले म्हणून? मी नाही सांगणार. भिंतीवर आपटलं म्हणून सांगेन. लाज त्याला वाटू दे ना, ज्याचा हात मी चावले.” मग ती आईकडे वळली, आणि आवाज पहिल्यांदा फुटला. “आई, लिही तू. आणि यावेळी नीट लिही.”

आत्या काही बोलायला गेली आणि थांबली. तिने उशी आणून भाचीच्या पाठीमागे लावली आणि शेजारी बसून राहिली. त्या बाईला गप्प बसलेलं त्या घराने पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मजकूर लिहिला. जोडवाट लिहिलं, वळण लिहिलं, दुपार लिहिली. मागून येऊन तोंड दाबतो, असं लिहिलं. ‘अनुचित प्रकार’ हा शब्द त्यांनी आयुष्यभर वापरला होता. तो खोडून ‘हल्ला’ लिहिला. हा पहिला हल्ला नाही, असंही लिहिलं. आदल्या हल्ल्याची वेळ किंवा काही खूण घातली नाही. तो हक्क त्या मुलीचा होता. शेवटी मुलींना ‘एकटे फिरू नये, वेळेत घरी जावे’ असं सांगायची पद्धत होती. ते त्यांनी लिहिलं नाही. त्याजागी लिहिलं, ‘या माणसाच्या हातावर चावल्याची खूण आहे. गळ्यात कर्मचाऱ्यांची निळी पट्टी होती.’

कुलसचिव मजकूर वाचताना घाम पुसू लागले. माणूस वाईट नव्हता. प्रवेशाचे दिवस जवळ आले होते.

“तुमच्या मुलीचं ऐकून फार वाईट वाटलं, मॅडम. पण पट्टीचं काढा. सगळा कर्मचारी वर्ग नाराज होईल. आणि ‘पहिला नाही’ हे कशाला? पालक काय म्हणतील?”

“काय म्हणतील, सर?”

“मुलींना काढून घेतील! मग तुम्हीच म्हणाल, मुलींचं शिक्षण सुटलं.”

“एकीचं सुटलंच आहे, सर. आपण गप्प बसलो तेव्हा.”

“घरच्यांची संमती आहे का?”

“जिच्यावर हल्ला झाला तिची आहे.”

“बघू. समितीपुढे ठेवतो,” कुलसचिव म्हणाले आणि कागद उलटा करून ठेवला.

बाई आपल्या जागेवर आल्या. प्रत्येक सूचनेला वरून मंजुरी लागे. एक वाट तेवढी मोकळी होती. आग लागली तर मंजुरी घेत बसायला वेळ नसतो, म्हणून आणीबाणीची एक कळ ठेवली होती. तिने गेलेला मजकूर फोन बंद आवाजावर असला तरी भोंगा वाजवत येतो. साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मिशी चावली.

“मॅडम, ही आगीची कळ आहे.”

“हो, साहेब.”

साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. “दाबा. विचारलं तर म्हणेन, मी इथेच होतो.”

बाईंनी कळ दाबली.

वर्गावर्गातून, प्रयोगशाळांतून, वाचनालयाच्या त्या गाढ शांततेतून एकाच वेळी शेकडो फोन किंचाळले. वरच्या मजल्यावर कुलसचिवांचाही किंचाळला. कुणी फळ्यापाशी हातात खडू घेऊन वाचलं, कुणी जिन्यात थांबून वाचलं. मग भोंगे थांबले आणि सगळं आवार इतकं शांत झालं, की कार्यालयाच्या खिडकीतून लांबच्या झाडांची सळसळ ऐकू आली. बाई हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नोकरी जाईल असं त्यांना वाटत होतं. बोलावणं येईल म्हणून त्या दाराकडे बघत होत्या.

दारात आली ती पहिल्या वर्षाची एक मुलगी. “निळी पट्टी म्हणजे... उंच आहे का तो?” तिने विचारलं आणि रडायला लागली. तिच्या मागे दोघी होत्या. मग एक सफाई कामगार आली, पदराने हात पुसत, “मला पण सांगायचंय बाई, पण आधी या पोरींचं होऊ द्या” म्हणत. साहेबांनी आपली खुर्ची दिली, मग बाहेरचा बाक आत घेतला, मग शेजारच्या खोलीतून खुर्च्या आणल्या. त्या पुरेनात. तो माणूस पुढे चारच दिवसांत सापडला. देखभाल विभागातला, सगळ्यांच्या ओळखीचा. सकाळी फाटकाशी बाईंनाही वाकून नमस्कार करणारा. त्याची चौकशी झाली, खटला उभा राहिला. बाईंना ताकीद मिळाली, नोकरी राहिली. ती हकिगत वर्तमानपत्रांत येऊन गेली आहे. मला सांगायची आहे ती त्या दुपारचीच गोष्ट.

त्या दिवशी दिवे लागायच्या सुमाराला मुली पांगल्या. बाई खिडकी लावायला उठल्या तेव्हा दाराशी भाषा विभागाच्या प्रमुख उभ्या होत्या. पांढरे केस, कडक खळीची साडी. ज्यांच्यासमोर बोलायला प्राध्यापकसुद्धा चाचरत, त्या. त्यांनी आत पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली आणि पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून विचारलं, “इथे लिहून घेतात का?”

“घेतो ना. या.”

“माझं फार जुनं आहे हो. मी इथे विद्यार्थिनी होते तेव्हाचं. तो माणूसही आता हयात नाही.” त्या उंबऱ्यातच घोटाळल्या. “आजवर कुणी विचारलंच नाही. आता सांगितलं तर चालेल का?”

बाईंनी आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली, आणि त्या बसेपर्यंत स्वतः उभ्या राहिल्या.